दुरावलेल्या वारसाचा वाटा

तेराव्याचे जेवण आटोपते, पाहुणे पांगतात आणि घरातले कपाट उघडले जाते. मुदतठेवीच्या पावत्या, घरपट्टीच्या पावत्यांचे बाड, विम्याची एक जुनी पॉलिसी, घडीवर फाटलेला सात-बाराचा उतारा, सहकारी बँकेच्या भागांचा दाखला असा ऐवज एकेक करून बाहेर येतो. मृत्युपत्र तेवढे नसते. मराठी मध्यमवर्गीय गृहस्थ आयुष्यभर दुधाच्या हिशेबाची वही नेमाने लिहितो, पण मृत्युपत्र लिहिणे त्याला अभद्र वाटते. मग कोणीतरी आवाज खाली आणून विचारतो, "दादाला कळवायचे का?" दादा तीस वर्षांपूर्वी न्यू जर्सीला किंवा टोरांटोला गेलेला असतो. लग्नावरून म्हणा, कुठल्याशा पत्रातील एका वाक्यावरून म्हणा, बापलेकांचे बोलणे तुटलेले असते. आई गेली तेव्हाही तो आलेला नसतो. साहजिकच विचारणाऱ्याला उत्तर मिळते तेही प्रश्नाच्याच रूपाने: "त्याने काय केले म्हणून?"

वारसाहक्काविषयीची आपल्या समाजाची सारी समजूत या प्रतिप्रश्नात सामावलेली आहे. ज्याने केले त्याला मिळावे, ज्याने पाठ फिरविली त्याने मागू नये. वारसा म्हणजे जणू सेवेचे थकलेले वेतन. ही समजूत माणसाला सहज पटणारी आहे. ती कायद्याला धरून नाही, हे बहुतेक घरांतून अर्धवट का होईना ठाऊक असते. परंतु ती न्यायाला तरी धरून आहे काय, याचा विचार सहसा होत नाही, आणि तो व्हावयास हवा. कारण १९६५ नंतर अमेरिकेचे दरवाजे उघडले तेव्हा गेलेली पिढी आणि तिची येथे राहिलेली भावंडे आता वार्धक्यात आहेत, त्यांचे आईबाप गेले आहेत, आणि न वाटलेली घरे, न कळविलेल्या ठेवी यांचे ओझे पुढच्या पिढीच्या डोक्यावर येऊ घातले आहे.

कायद्याची स्थिती थोडक्यात सांगता येण्यासारखी आहे. येथे उदाहरण हिंदू कुटुंबाचे घेतले आहे. इतरांचे कायदे निराळे असले तरी घरातला संवाद फारसा निराळा नसतो. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाच्या मालमत्तेत मुलगे, मुली, विधवा आणि आई हे समान वाटेकरी असतात. वारसा कोणाला मिळू नये याचीही यादी त्या कायद्यात आहे. मृताचा खून करणारा तीत येतो. पत्र न पाठविणारा, अंत्यविधीला न येणारा, जातीबाहेर लग्न करणारा किंवा दुसऱ्या देशाचे नागरिकत्व पत्करणारा तीत येत नाही. मराठी दैनिकांच्या आतल्या पानांवर 'अमुक मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही' अशा जाहीर नोटिसा आजही छापून येतात. त्या छापणाऱ्यास मनःस्वास्थ्य लाभत असेल. वारसाहक्कावर त्यांचा काडीमात्र परिणाम होत नाही. ज्या पित्याला मुलाला स्वकष्टार्जित मालमत्तेतून वगळायचे असेल त्याला मृत्युपत्राचा सरळ मार्ग खुला आहे. त्याने तो वापरला नाही याचा अर्थ, कायद्याने होणाऱ्या वाटणीला त्याची हरकत नव्हती, असाच धरावा लागतो. मेलेल्या माणसाच्या अबोल्याला त्याच्या मागे राहिलेल्यांनी निवाड्याचे रूप देणे, ही त्याच्या इच्छेची पूर्ती म्हणता येणार नाही.

जॉन स्टुअर्ट मिलने १८४८ च्या आपल्या ग्रंथात मृत्युपत्राने देण्याचा हक्क आणि आपोआप मिळणारा वारसा यांत मोठा भेद केला होता. पहिला त्याला मालकीचा अविभाज्य भाग वाटे, दुसरा तसा वाटत नसे. मिलचा हा युक्तिवाद मान्य केला, तर परदेशस्थ भावाचा हक्क कच्चा ठरतो हे खरे. पण मग घरी राहिलेल्या भावाचाही तितकाच कच्चा ठरतो. एकाचा कच्चा आणि दुसऱ्याचा पक्का, असे तो युक्तिवाद सांगत नाही.

परंपरेचा दाखलाही या बाबतीत घरी राहिलेल्यांच्या बाजूने नाही. कुळाची सामाईक मालमत्ता सोडून जो परमुलखात गेला त्याचा वंशज परत आला, तर जन्म आणि नाव यांची खात्री पटवून त्याला त्याचा अंश द्यावा, मग तो कित्येक पिढ्यांनंतर का आलेला असेना, असा बृहस्पतिस्मृतीचा निर्वाळा आहे. पुढे समुद्र ओलांडणाऱ्याला जातीबाहेर टाकण्याची चाल होती. परंतु जात गेली म्हणून वारसा जात नाही, असे १८५० च्या एकविसाव्या कायद्याने ठरविले. ज्या काळी परदेशगमन हे पातक होते त्या काळीही जे हिरावून घेता येत नव्हते, ते परदेशगमन ही प्रतिष्ठा झाल्यावर हिरावून घ्यावे, हा विरोधाभास चमत्कारिक आहे.

अर्थात, प्रत्यक्षात कोणी 'हिरावून घेतो' असे म्हणत नाही. मार्ग सौम्य असतात. सर्वांत सोपा मार्ग विस्मरणाचा. गावच्या महसूल दप्तरात वारसांची नोंद करताना प्रतिज्ञापत्रात एक नाव कमी लिहिले जाते. बँकेतील रकमेसाठी न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र घ्यायचे असेल तर स्थानिक दैनिकात नोटीस छापली जाते, आणि टोरांटोतील माणूस ते दैनिक वाचत नाही हे सर्वांना माहीत असते. अशी नोंद अथवा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे काम फत्ते झाले, ही मात्र चुकीची कल्पना आहे. महसुली नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. लपवाछपवी करून मिळविलेले प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. आणि खोटे प्रतिज्ञापत्र हा गुन्हा असतो. शिवाय सहवारसांपैकी एकाचा ताबा हा सर्वांच्या वतीने असलेला ताबा समजला जातो. दुसऱ्याचा हक्क उघडपणे नाकारल्याखेरीज बारा वर्षे घरात राहिलो म्हणून घर आपले झाले, असे भावाला भावाविरुद्ध म्हणता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे.

दुसरा आधार नामनिर्देशनाचा घेतला जातो. "वडिलांनी माझे नाव लावले होते" हे वाक्य बँकेच्या खिडकीशी नित्य ऐकू येते. नामनिर्देशित व्यक्ती ही पैसे स्वीकारण्यापुरती असते, ते वारसांना पोचविण्याची जबाबदारी तिच्यावर असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या संदर्भात १९८३ मध्ये दिला आणि कंपन्यांच्या भागांविषयी डिसेंबर २०२३ मध्ये तेच तत्त्व कायम केले. विम्यापुरता २०१५ च्या दुरुस्तीने अपवाद झाला आहे; आईवडील, पती-पत्नी किंवा मुले नामनिर्देशित असतील तर ती रक्कम त्यांचीच होते. ठेवी, भाग, गृहनिर्माण संस्थेतील सदनिका यांना हा अपवाद लागू नाही.

त्याहून धाडसी युक्ती म्हणजे मृत्यूच्या गृहीतकाची. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो जिवंत असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी, तसे म्हणणाऱ्यावर पडते, ही १८७२ च्या पुरावा कायद्यातील तरतूद २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. परंतु ती वार्ता ज्यांच्या कानी स्वाभाविकपणे यावी त्यांच्या कानी आलेली नसली पाहिजे. मावसबहिणीच्या मुलीच्या लग्नात ज्याच्या नव्या घराची छायाचित्रे हातोहात फिरली, त्याची वार्ता नाही असे शपथेवर सांगणे, हे कोडगेपणाचे काम आहे.

यापेक्षा सभ्य, आणि म्हणूनच अधिक रूढ मार्ग आहे हक्कसोडपत्राचा. येथे काही लपविलेले नसते. भावाला कळविले जाते, बहुधा दूरध्वनीवरून, बहुधा वहिनींच्या मार्फत. आणि कागद पाठवतो, सही करून दे, असे सांगितले जाते. मालमत्ता किती आहे, तिची किंमत काय, त्याचा वाटा किती, हे सांगितले जात नाही. त्याने विचारले तर उत्तर तयार असते: "तुला तिकडे काय कमी आहे?"

हे वाक्य महाराष्ट्राला नवे नाही. पिढ्यान् पिढ्या ते लग्न होऊन गेलेल्या बहिणीला ऐकविले गेले आहे. दिल्या घरी तुला काय कमी आहे, भावापाशी मागतेस कशाला, माहेर तुटेल हो. १९९४ मध्ये महाराष्ट्राने आणि २००५ मध्ये केंद्राने मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मतः हक्क दिला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही दूर केली. तरी तलाठ्याच्या कचेरीबाहेर भावासाठी हक्क सोडून देणाऱ्या बहिणींची रांग अद्याप दिसते. परदेशी गेलेला भाऊ हा आता त्या रांगेत उभा केला जात आहे, इतकाच फरक. आणि मौज अशी की त्याच भावाने बहिणीच्या हक्कसोडीच्या वेळी बिनदिक्कत सही घेतलेली असण्याचाही संभव असतो.

'काय कमी आहे' हा निकष खरोखरच लावायचा तर तो सर्वांना लावला पाहिजे. पुण्यात दोन सदनिका असलेल्या भावाला आणि तालुक्याच्या गावी खाजगी शाळेत अर्ध्या पगारावर राबणाऱ्या भावाला तो लावला, तर पहिल्याने आपला वाटा सोडावयास हवा. तसे कोणत्याही घरात घडल्याचे ऐकिवात नाही. गरजेचे तत्त्व एका विमानाच्या अंतराइतके दूर असलेल्या माणसापुरतेच आठवावे, यातच त्याची सोयीस्करता उघड होते. शिवाय परदेशी गेलेला प्रत्येक जण सुखवस्तू असतो ही समजूत, छायाचित्रांतील हिरवळ आणि मोटार यांवर आधारलेली आहे. आखातात आयुष्य घालवून तेथील नागरिकत्व न मिळता रिकाम्या हाताने परत येणारा, अमेरिकेत दुकानाच्या गल्ल्यावर बारा तास उभा राहणारा, आजारपणाच्या बिलांनी खंगलेला, असेही लोक त्यांत असतात. आणि ज्याचा घराशी संबंध तुटला आहे त्याची खरी स्थिती घराला कशी कळावी?

राष्ट्राच्या पातळीवरही हाच दुजाभाव दिसतो. परदेशस्थ भारतीयांनी २०२४ मध्ये मायदेशी सुमारे १२९ अब्ज डॉलर पाठविले, असा जागतिक बँकेचा अंदाज आहे. त्या आकड्याचा गौरव सभासंमेलनांतून होतो. त्यातील कितीतरी पैशांतून येथील घरांना मजले चढले, बहिणींची लग्ने झाली, आईबापांची औषधे आली. परंतु त्याच घरातून एखादा वाटा उलट दिशेने जायची वेळ आली की, 'घरचा पैसा बाहेर चालला' अशी भाषा सुरू होते. येणारा पैसा आपला आणि जाणारा पैसाही आपलाच, हा हिशेब कोणत्याही वहीत जुळणार नाही.

इथवर जे म्हटले ते घरी राहिलेल्या भावाच्या विरुद्ध जाणारे वाटेल. त्याची बाजू मात्र हलकी नाही, आणि कायद्याचा आधार घेऊन ती उडवून लावणे हा अन्याय होईल. वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा रात्री उठून कूस बदलणारा तो होता. बढतीवर नागपूरला जाणे त्याने नाकारले, कारण त्यांना एकटे ठेवता येत नव्हते. अर्थशास्त्रात ज्याला संधीचा खर्च म्हणतात तो हाच: जी मिळकत मिळू शकत होती आणि घेतली गेली नाही, तिची नोंद कोणत्याही पावतीवर नसते. आणि त्याच्याही मागे त्याची पत्नी होती. खरे तर वीस वर्षांच्या या सेवेतील मोठा भाग तिचा असतो. कायद्याच्या दृष्टीने, पती हयात असता, सासऱ्याच्या मालमत्तेत तिचा वाटा शून्य असतो. 'ज्याने केले त्याला मिळावे' हे तत्त्व प्रामाणिकपणे पाळायचे तर पहिला धनादेश तिच्या नावाने निघाला पाहिजे. परंतु दिराचा वाटा गिळला जातो तेव्हा तो तिच्या खात्यात जमा होत नाही. तिच्या पतीच्या खात्यात होतो.

इतर देशांच्या कायद्यांनी हा प्रश्न ओळखला आहे. जर्मन दिवाणी संहितेत, ज्या अपत्याने दीर्घकाळ आईवडिलांची शुश्रूषा केली त्याला वाटणीच्या वेळी त्याची भरपाई मागता येते. जपानने १९८० च्या सुधारणेने वारसांपैकी ज्याने विशेष हातभार लावला असेल त्याचा अंश वाढविण्याची सोय केली. आणि २०१९ पासून तर जे वारस नाहीत अशा नातलगांना, म्हणजे प्रामुख्याने सुनांना, केलेल्या सेवेबद्दल वारसांकडून पैसे मागण्याचा हक्क दिला. आपल्या उत्तराधिकाराच्या कायद्यात असे काही नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासंबंधीच्या कायद्यान्वये मुलांकडून, मग तो भारताबाहेर राहणारा भारतीय नागरिक का असेना, निर्वाहखर्च मागता येतो. मात्र तो आईबापांनी हयातीत मागायचा असतो, आणि आपल्याकडचे आईबाप न्यायाधिकरणाच्या पायऱ्या चढण्यापेक्षा एकाच मुलावर भार टाकणे पसंत करतात. ही उणीव कायद्याने भरून काढली पाहिजे, ही मागणी रास्त आहे. ती भरून निघेपर्यंत काय करायचे, एवढाच प्रश्न उरतो.

त्याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. समजा, घर आणि ठेवी मिळून एक कोटी वीस लाखांची मालमत्ता आहे आणि वारस तीन: घरी राहिलेला मुलगा, परदेशस्थ मुलगा आणि मुलगी. प्रत्येकाचा वाटा चाळीस लाख. घरच्या मुलाने पाच वर्षे सांभाळणाऱ्या माणसाला महिना अठरा हजार दिले, त्याचे दहा लाख ऐंशी हजार झाले. रुग्णालयाचे चार लाख वीस हजार. एकूण पंधरा लाख त्याने स्वतःच्या खिशातून घातले. हे पंधरा लाख प्रथम बाजूला काढले तर एक कोटी पाच लाख उरतात, आणि प्रत्येकाचा वाटा पस्तीस लाख होतो. म्हणजे घरच्या भावाचे परदेशस्थ भावाकडून खरोखर जे येणे आहे ते पाच लाखांचे आहे. वाटा दडविला जातो तेव्हा या पाच लाखांपोटी चाळीस लाख वसूल केले जातात. हिशेब मांडला की दोघांचेही पितळ उघडे पडते: एकाने पाच लाखांचा भार उचलला नव्हता हे दिसते, आणि दुसरा चाळीस लाखांवर हात ठेवून बसला होता हेही दिसते. हिशेब न मांडण्याचे खरे कारण बहुधा हेच असते. त्यात आणखीही काही रकाने भरावे लागतील. वडिलांचे निवृत्तिवेतन घरखर्चात जात होते काय? मुलगा त्यांच्या घरात बिनभाड्याने राहत होता काय? परदेशातून पूर्वी पैसे येत असत, ते किती? अशी वजावट करण्यास तिघांची संमती लागेल हे उघड आहे. परंतु आकडे समोर ठेवून मागितलेली संमती नाकारणे, बहुतेकांना जड जाते. संधीचा खर्च आणि सुनेचे श्रम आकड्यांत बसत नाहीत. त्यांच्यासाठी परदेशस्थ भावाने आपणहून काही सोडावे, अशी अपेक्षा करता येईल. पण काय सोडतो आहोत हे त्याला आधी कळले पाहिजे.

विलंबाचाही हिशेब असतो. दहा वर्षांपूर्वीच्या किमतीने आज वाटा देऊ करणे ही सर्रास दिसणारी तडजोड आहे. सात टक्के चक्रवाढीने पस्तीस लाखांचे दहा वर्षांत जवळजवळ एकोणसत्तर लाख होतात. घराच्या बाबतीत तर वाटा घरातच असतो. वाटणी होईल त्या दिवशीच्या किमतीतच तो मोजला जावयास हवा. ज्याला घर राखायचे आहे त्यालाही कायद्याने मार्ग दिला आहे: सहवारस आपला वाटा विकू पाहील तर तो प्रथम विकत घेण्याचा अग्रहक्क १९५६ च्याच कायद्याने इतर वारसांना मिळतो.

शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज संहितेच्या परंपरेमुळे चित्र निराळे आहे. तेथे आईबापांना मृत्युपत्रानेही निम्म्या मालमत्तेचीच मुक्त विल्हेवाट लावता येते. उरलेला अर्धा मुलांसाठी राखून ठेवलेला असतो. आणि वाटणीसाठी जी यादीची कार्यवाही न्यायालयात होते तीत सर्व वारस आणि सर्व मालमत्ता मांडावी लागते. ज्या प्रदेशातील घरोघरचे लोक पिढ्यान् पिढ्या लिस्बन, मोंबासा, लंडन येथे गेले, तेथे दूरच्या वारसाचे नाव यादीत असणे हा रूढ व्यवहार व्हावा, हे स्वाभाविकच आहे.

"द्यायचे म्हटले तरी पाठवायचे कसे?" ही सबब एके काळी खरी होती. 'फेरा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९७३ च्या कायद्याच्या राज्यात परकीय चलनाचा एक एक डॉलर मोजून दिला जात असे, आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला येथील स्थावर धारण करण्यासही रिझर्व्ह बँकेची परवानगी लागे. २००० सालापासून 'फेमा' लागू झाला आणि ही सबब संपली. भारतात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली स्थावर मालमत्ता परदेशस्थाला राखता येते. शेतजमीन त्याला विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळते. ती विकायची झाल्यास मात्र भारतात राहणाऱ्या नागरिकालाच विकावी लागते. रोख वाटा त्याच्या अनिवासी सामान्य खात्यात भरावा आणि तेथून त्याने वारशाचा पुरावा, कर भरल्याची पूर्तता आणि सनदी लेखापालाचा दाखला देऊन एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर न्यावी, अशी व्यवस्था आहे. मध्यमवर्गीय घराचा कोणताही वाटा या मर्यादेत सहज बसतो. मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाल्यापासून वारशावर येथे कर नाही. अमेरिकेतील वारसाला वर्षात एक लाख डॉलरहून अधिक वारसा परदेशातून मिळाला तर तेथील कर खात्याला कळवावे लागते, इतकेच.

अडचणी नाहीत असे नव्हे. घर विकताना विकणाऱ्यांपैकी एक जण अनिवासी असेल तर खरेदीदाराला त्याच्या वाट्यातून बराच अधिक कर कापावा लागतो, आणि त्यामुळे 'ते नाव कागदावर नकोच' असा सल्ला दलाल देतो. प्राप्तिकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आगाऊ मिळविता येतो, हे तो सांगत नाही. मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे लागते, आणि येथे आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. याच्या उलट, वडिलार्जित मालमत्तेतील हक्क भावाबहिणींच्या लाभात सोडून देण्याच्या दस्ताला महाराष्ट्रात मुद्रांकशुल्क नाममात्र आहे. हक्क सोडणे स्वस्त आणि हक्क पोचविणे खर्चिक, अशी रचना शासनाने जाणूनबुजून केली नसेल. परिणाम मात्र तोच होतो. दोन-तीन महिन्यांची धावपळ आणि लेखापालाची फी यापलीकडे खर्च जात नाही, आणि तो त्याच्या वाट्यातून घेण्यास कोणाची हरकत असू नये.

सर्वांत अवघड प्रसंग उरतो तो, कळवूनही उत्तर न येण्याचा. दुरावा एकतर्फी नसतो. ज्याला घराचे नाव नको आहे त्याला घराचा पैसाही नको असू शकतो. त्याचे मौन म्हणजे हक्कसोड समजण्याचा मोह अशा वेळी होतो, आणि तो टाळला पाहिजे, कारण हक्क सोडण्यासाठी सही लागते आणि मौनाला सही नसते. पत्र नोंदणीकृत टपालाने पाठवावे. त्यात मालमत्तेची पूर्ण यादी, तिची आजची किंमत, वजा करू इच्छिलेला खर्च आणि त्याच्या वाट्याचा आकडा लिहावा. जुन्या गोष्टी काढू नयेत, आणि जिव्हाळ्याचीही मागणी करू नये. तीस वर्षांनंतर आलेल्या पत्रात एकाच वेळी पैसे आणि क्षमा दोन्ही असली की वाचणाऱ्याला पहिल्याची शंका येते.

तरीही उत्तर आले नाही, तर त्याची रोख रक्कम वेगळ्या मुदतठेवीत ठेवावी आणि व्याज तिच्यातच भरू द्यावे. देशातील बँकांत दहा वर्षे कोणी न विचारलेल्या आणि म्हणून रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झालेल्या रकमा मार्च २०२४ अखेर ७८,२१३ कोटी रुपयांवर गेल्या होत्या. त्यांतील कितीतरी, ठेव कोणाची हे माहीत असणारा एकमेव माणूस निघून गेल्यामुळे तेथे पोचल्या असतील. म्हणून ठेवीची पावती कपाटात ठेवून घरच्या भावाचे काम संपत नाही. कागदोपत्री ती ठेव त्याच्या नावावर आहे, आणि उद्या त्याची मुले ते कपाट उघडतील तेव्हा ती त्याचीच समजून वाटून घेतील. ही रक्कम आपली नाही, ती अमुक पत्त्यावर राहणाऱ्या थोरल्या भावाची अथवा त्याच्या मुलांची आहे, हे त्याला स्वतःच्या मृत्युपत्रात लिहून ठेवावे लागेल. आणि त्यासाठी वडिलांना जे अभद्र वाटत होते ते मृत्युपत्र त्याला आधी करावे लागेल.